तळघरातलं विरजण

भांडुपच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, महापालिकेचं जलशुद्धीकरण संकुल आहे. वैतरणेच्या खोऱ्यातल्या धरणांचं पाणी तिथे येतं, शुद्ध होतं आणि मुंबईभर जातं. आशियातलं सर्वांत मोठं, असं पाहुण्यांना सांगायची आमच्याकडे पद्धत आहे. पूर्वेला, द्रुतगती महामार्गापलीकडे, मिठागरं आणि तिवरं लागतात आणि तिथे मैलापाण्याची तळी आहेत. आसपासच्या वस्त्यांनी वापरून सोडलेलं पाणी तिथे काही काळ थांबतं आणि मग ठाण्याच्या खाडीत जातं. या दोन्हींच्या मधे एलबीएस मार्ग, रेल्वे आणि आम्ही.

पहिल्या टोकाचं आम्हाला फार कौतुक. जून-जुलैत सकाळच्या चहाबरोबर सात तलावांचा तक्ता वाचला जातो. तुळशी भरला का, विहार कधी भरणार, मोडक सागर वाहू लागला की बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आणि हात जोडलेले चार जण. दुसऱ्या टोकाला लोक जातात ते फ्लेमिंगो बघायला. 'भांडुप पंपिंग स्टेशन' म्हटलं की पक्षी बघणाऱ्यांच्या डोळ्यांत चमक येते. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ सालचं, २०२२मध्ये खाडीला रामसर दर्जाही मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा. खाडीत उतरणाऱ्या मैलापाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसतं आणि त्या शेवाळावर लहान जातीचे फ्लेमिंगो पोसतात, असं अभ्यासक मांडतात. म्हणजे त्या गुलाबी रंगात थोडी वर्गणी आमचीही असणार. पण पंपिंग स्टेशनवर काय पंप करतात, हे तिथे दुर्बीण घेऊन गेलेल्या किती जणांनी विचारलं असेल?

मीही विचारलं नसतं. सोसायटीच्या कमिटीत महिलांसाठी राखीव जागा असतात, त्या भरायच्या म्हणून माझं नाव घातलं गेलं आणि तिथून हे सुरू झालं. बँकेतून निवृत्त झालेली बाई, तेव्हा हिशेब माझ्याकडे येतील असा माझा अंदाज होता. हिशेब खजिनदारकाकांनी सोडले नाहीत. लिफ्ट, पार्किंग, सिक्युरिटी, गणपती ही खाती माझ्याआधीच वाटली गेली होती. उरला एसटीपी, म्हणजे तळघरातला सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प. "ताई, त्यात काही बघायचं नसतं, कॉन्ट्रॅक्टर बघतो," असं सेक्रेटरी म्हणाले आणि तळघराच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे सरकवला.

आमच्या जुन्या चार मजली इमारती पाडून दोन टॉवर उभे राहिले. २००६च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे वीस हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असलं की पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि मंजुरीच्या अटींमध्ये स्वतःचं सांडपाणी स्वतः शुद्ध करण्याची अट येते. बिल्डरने ती अट पाळली, म्हणजे तळघरात टाक्या बांधल्या, यंत्रं बसवली, रिबीन कापली आणि सोसायटीकडे सोपवून तो पुढच्या जागेवर गेला. ब्रोशरमध्ये जिमच्या खाली आणि 'योगा डेक'च्या वर 'एसटीपी' एवढी तीन अक्षरं होती. घर घेताना जिम किती फुटांची हे सगळ्यांनी विचारलं होतं.

दोनशेच्या आसपास घरं. माणशी दिवसाला १३५ लिटर हा नगररचनेतला नेहमीचा हिशेब, आणि त्यातलं बहुतेक पाणी मोरीतून, बेसिनमधून, संडासातून परत येतं. आमच्या बाबतीत रोज लाखभर लिटर. ते आधी एका जाळीतून जातं. तिथे अडकतात वाइप्स, कानकाड्या, केसांचे पुंजके आणि सॅनिटरी पॅड, ज्यांबद्दल नोटीस लावायची तर कोणत्या भाषेत लावावी यावर कमिटीतले पुरुष अर्धा तास छताकडे बघत बसले होते. शेवटी मी लिहिली, मराठीत, सरळ. पुढे तेल-तुपाचा सापळा. दिवाळीनंतरच्या आठवड्यात त्यावर चकल्यांच्या तेलाचा थर येतो. त्यापुढे सगळं पाणी एका मोठ्या टाकीत साठतं, कारण माणसं सकाळी सात ते दहात जेवढं पाणी सोडतात तेवढं दुपारभर सोडत नाहीत, आणि पुढच्या टाकीला मात्र सारखं, संथ पाणी लागतं.

ती पुढची टाकी म्हणजे एअरेशन टँक. तळाशी डिफ्यूझर, त्यांतून ब्लोअरची हवा बुडबुड्यांनी वर येत असते आणि पाणी तपकिरी, उकळल्यासारखं दिसतं. मी पहिल्यांदा खाली गेले तेव्हा नाकाला पदर लावूनच गेले होते. तसा वास नव्हता. ओल्या मातीचा, थोडा कुंद वास होता. आमचा ऑपरेटर मराठवाड्यातला, आयटीआय झालेला, पंचविशीतला मुलगा. त्याने सांगितलं, "मॅडम, मातीचा वास आला तर सगळं ठीक. सडक्या अंड्याचा आला तर मला फोन करा." मग त्याने टाकीतलं लिटरभर पाणी काचेच्या उभ्या नळकांड्यात भरलं आणि मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावला. अर्ध्या तासाने तपकिरी गाळ खाली बसला होता, वर निवळ पाणी. गाळ किती रेघांपर्यंत आला यावरून टाकीची तब्येत कळते. रंग चॉकलेटी हवा. काळा पडला तर हवा कमी पडतेय. त्याच्या वहीत रोजचा आकडा असतो आणि शेरा असतो, 'चांगला', 'बरा', 'पातळ'.

टाकीत काम करतात ते जिवाणू. घाण हे त्यांचं अन्न, आणि ते पचवायला त्यांना प्राणवायू लागतो. किती लागेल यावर घाण मोजतात, तोच बीओडी. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कागदांवर तो सगळीकडे दिसतो. कच्च्या मैलापाण्यात लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असतो, बाहेर पडताना तो दहाच्या आत हवा. ही युक्ती १९१४ सालची, मँचेस्टरची. मैलापाण्यात नुसती हवा सोडली तर ते स्वच्छ व्हायला पाचेक आठवडे लागत. आर्डर्न आणि लॉकेट या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी वरचं निवळलेलं पाणी ओतून दिलं, पण तळाचा गाळ ठेवून दिला आणि त्यावर नवं मैलापाणी घातलं. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. गाळ वाढत गेला आणि पाच आठवड्यांचं काम दिवसाच्या आत होऊ लागलं. त्यांना ज्यांनी या वाटेवर आणलं ते गिल्बर्ट फाउलर पुढे भारतात आले, बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या परळच्या खोलीतलं दह्याचं सट आठवलं. कालचं चमचाभर ठेवायचं, त्यावर आजचं दूध. मैल्याशेजारी दह्याचं नाव काढलं म्हणून काहींना किळस येईल, पण तत्त्व तेच आहे आणि ऑपरेटरही तसंच बोलतो. प्लँट पहिल्यांदा सुरू करताना दुसऱ्या चालू प्लँटमधून टँकरभर गाळ आणला होता, आणि तो जोर धरेना तेव्हा शेण आणि गूळ घातला होता. शेण आणि गूळ! हे ऐकल्यावर सोसायटीतल्या एका आजोबांचा एसटीपीवर एकदम विश्वास बसला. एरवी मी बीओडी सांगत होते तेव्हा ते पेपर वाचत होते.

जिवंत गोष्ट म्हटली की तिच्या खाण्यापिण्याच्या वेळा आल्या. आमच्याकडे निम्मी घरं कोकणातली. गणपतीच्या आधी दोन दिवसांत बिल्डिंग रिकामी होते, रात्री दोनला रिक्षा, पिशव्या, "चावी वॉचमनकडे ठेवलीय." वर शांतता होते आणि खाली टाकीत उपासमार. मैला येतच नाही, जिवाणू एकमेकांनाच खायला लागतात, गाळ पातळ होतो. मग गौरी-विसर्जनानंतर सगळे एकदम परततात, दहा दिवसांचे कपडे धुवायला पडतात, वॉशिंग मशिनं रात्रीपर्यंत फिरतात आणि साबणाचा लोंढा खाली येतो. टाकीवर पांढरा फेस चढतो. ऑपरेटर त्या आठवड्यात वैतागलेला असतो. मे महिन्यात हेच, जरा हळू. बिल्डिंगमध्ये कोणाकडे लग्न आहे, कोणत्या मजल्यावर नळदुरुस्ती चालली आहे, कोणी संडासात ॲसिडची अख्खी बाटली ओतली आहे, हे त्याला खाली बसून समजतं. आमच्याबद्दल इतकं जाणणारा दुसरा माणूस सोसायटीत नाही आणि बहुतेकांना त्याचं नावही माहीत नाही.

शुद्ध झालेलं पाणी वाळूच्या आणि कोळशाच्या गाळणीतून, क्लोरिन घालून, वेगळ्या पाइपने वर जातं. ते फक्त फ्लशसाठी आणि बागेसाठी. माणशी १३५ लिटरमधले ४५ लिटर फ्लशचे धरतात, म्हणजे एक तृतीयांश पाणी धरणातून आणावं लागत नाही. कागदावर हे सुरेख आहे. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी या पाण्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी पार्किंगवरूनही झाली नाहीत. पाणी पिवळसर दिसतं. कमोडला डाग पडतात. पाहुणे आले की लाज वाटते. एका घरात देवघराची भिंत आणि संडासाची भिंत एकच होती, त्यांनी सांगितलं, पूर्वी साधं पाणी होतं तेव्हा चालत होतं, आता हे पाणी भिंतीतून जातं ते चालणार नाही. एक सभासद उभे राहून म्हणाले, "दुसऱ्यांचं पाणी आमच्या घरात का?"

हा प्रश्न मला फार दिवस पुरला. दुसऱ्यांचं म्हणजे कोणाचं? रंगाचं आणि डागांचं मला पटत होतं. कोळशाची गाळणी बदलल्यावर ती तक्रार पुष्कळ कमीही झाली. पण 'दुसऱ्यांचं' हे रंगाबद्दल नव्हतं. एका टॉवरमध्ये आम्ही मूळ रहिवासी आहोत आणि दुसऱ्यात नंतर विकत घेऊन आलेले. दोघांचं पाणी एकाच टाकीत येतं आणि कोणाचं कोणतं याचा तिथे पत्ता लागत नाही. आडनावांचाही लागत नाही. हेच खुपत होतं, असं माझं मत झालं. तोंडावर कोणी तसं बोललं नाही, मीही बोलले नाही.

मग विजेचं बिल. ब्लोअर चोवीस तास चालतो आणि अशा प्रकल्पाच्या विजेतला निम्म्याहून अधिक वाटा हवेचाच असतो. खजिनदारकाकांनी वार्षिक सभेत आकडे मांडले आणि तोडगाही मांडला: रात्री बंद ठेवायचा, तपासणीच्या आधी चालू करायचा. मैलापाणी थेट महापालिकेच्या ड्रेनेजला सोडायचं, लाइन आहेच. "सगळेच करतात." काका वाईट माणूस नाहीत. वयाच्या सत्तरीत ते प्रत्येक घराचा मेन्टेनन्स हातात धरून मोजतात आणि पेन्शनवर जगणाऱ्या घरांची त्यांना खरी काळजी आहे. त्यांच्या बोलण्यात एक मुद्दाही होता, जो मी खोडू शकले नाही: शहराचं गटार दारात असताना प्रत्येक सोसायटीने आपापला छोटा कारखाना कशाला चालवायचा? एक मोठा प्रकल्प दोनशे छोट्यांपेक्षा स्वस्त आणि नीट चालतो, हे कोणीही इंजिनीअर सांगेल.

फक्त तो मोठा प्रकल्प हवा. मुंबईची मैलापाण्याची सात क्षेत्रं आहेत आणि वर्षानुवर्षं त्यांतलं बरंच पाणी जुजबी प्रक्रिया होऊन खाडीत किंवा समुद्रात गेलं आहे. वरळी आणि वांद्र्याला तर ते समुद्राखालच्या बोगद्यांतून किनाऱ्यापासून साडेतीनेक किलोमीटर आत नेऊन सोडतात. नव्या पिढीतला पहिला प्रकल्प कुलाब्याचा, ३७ दशलक्ष लिटरचा. बाकी सात प्रकल्पांची पायाभरणी जानेवारी २०२३मध्ये झाली. वरळी ५००, मालाड ४५४, धारावी ४१८, असं करत एकूण २४६४ दशलक्ष लिटर रोजचे. त्यात आमच्या भांडुपचे २१५. शहराला रोज पाणी मिळतं साधारण ३८५० दशलक्ष लिटर. जे गटाराच्या लाइनपर्यंत पोचतच नाही ते नाल्यांतून वाहतं, आणि मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर या नद्यांना आपण नाले म्हणायला लागलो ते उगीच नाही.

सभेत मी एवढे आकडे सांगितले नाहीत, कोणी ऐकले नसते. मी भातशाचं सांगितलं. मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसा धरणाचं. भातसा, तानसा, मोडक सागर हे सगळे शहापूर तालुक्यातले, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका टँकरची वाट बघत उभ्या असतात. तानसाचं पाणी मुंबई १८९२पासून पिते आहे. आपण ते पाणी शंभर किलोमीटरवरून आणून, शुद्ध करून, संडासात ओतायचं, आणि फ्लशपुरतं पाणी तळघरात तयार होत असताना ब्लोअर बंद ठेवायचा? पाचव्या मजल्यावरच्या काकू, ज्यांचं माहेर शहापूरकडचं, त्या उठल्या आणि त्यांनी असं काही सुनावलं की ठराव मतदानापर्यंत गेलाच नाही. त्या काय बोलल्या ते इथे छापण्याजोगं नाही.

त्यानंतर ब्लोअरला वेग कमी-जास्त करणारं यंत्र बसवलं, रात्री मैला कमी येतो तेव्हा हवा कमी. बिल उतरलं. काकांनी हे कबूल केलं, मिनिटबुकात नाही, लिफ्टमध्ये.

एक वाद मात्र असा सुटला नाही. डिफ्यूझर तुंबले. टाकीच्या एका कोपऱ्यात बुडबुडे येईनात, पाणी तिथे काळं पडायला लागलं. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "दोन पोरं उतरवतो. दोन तासांचं काम आहे."

माझी आई परळच्या चाळीत वाढली. तिच्या लहानपणी टोपलीचे संडास होते, आणि इमारतींच्या मधल्या घरगल्लीतून येऊन एक माणूस ती टोपली डोक्यावर उचलून न्यायचा. त्याला नळाला हात लावू देत नसत. आजी वरून पाणी ओतायची आणि तो ओंजळ धरायचा. आई हे सांगायची तेव्हा त्या माणसाच्या ओंजळीचं वर्णन करायची, नाव तिला कधीच माहीत नव्हतं. मी मोठी झाले तोवर पाण्याचे संडास आले होते, घरगल्ली तशीच होती, आणि तिच्यात उतरणारी माणसंही त्याच जातींतली होती.

बंद टाकीत, तळाशी गाळ सडलेला असताना, हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्याचा वास येतो. वाढला की नाकाची वास घ्यायची शक्तीच जाते, आणि माणसाला वाटतं, वास गेला, आता ठीक आहे. मागून सोडवायला उतरलेलाही बऱ्याचदा तिथेच राहतो. २०१३च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या कुटुंबाला दहा लाख द्यायला सांगितले, २०२३मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली यावरूनच काय ते समजावं.

कमिटीतले एक वकील म्हणाले की कायद्यात 'सेप्टिक टँक' असा शब्द आहे आणि आपली टाकी तांत्रिकदृष्ट्या सेप्टिक टँक नाही. मी त्यांना म्हटलं, वायूला हे कोण सांगणार. आणखी एक जण म्हणाले, त्यांना पैसे मिळतात, ते स्वतःहून उतरतात. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं की माणूस उतरणार असेल तर हे खातं दुसऱ्याला द्या, आणि पत्रावर उतरवणाऱ्याने स्वतःची सही करा. सही करायला कोणी तयार नव्हतं. असे डिफ्यूझर मिळतात जे साखळीने ओढून टाकीबाहेर काढता येतात, बाहेरच धुता येतात आणि परत सोडता येतात. महाग आहेत. टाकी मशिनने उपसून, दोन दिवस हवा खेळवून, वायू मोजून, यंत्रणेसह आलेल्या प्रशिक्षित लोकांकडून ते बसवून घेतले. त्या दिवसांत टँकरने मैला वाहून न्यावा लागला. प्रत्येक घरावर जादा आकारणी बसली आणि बिल्डिंगमध्ये काही लोक अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांतल्या एकांचं न बोलणं मला सोयीचं आहे.

आता भांडुपचा मोठा प्रकल्प पूर्ण होईल तेव्हा आमचा बंद करायचा का, अशी चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. माझं म्हणणं, तो नीट चालू द्या, मग बघू. आणि तेव्हासुद्धा फ्लशचं पाणी आपलं आपण केलेलं बरं. त्याहून निकडीचं वेगळंच आहे. ऑपरेटर कॉन्ट्रॅक्टरकडे बारा तासांच्या पाळीवर आहे आणि दोन वर्षांत त्याचा पगार वाढलेला नाही. दुसऱ्या एका टॉवरवाल्यांनी त्याला बोलावलं आहे, आठ तासांवर. तो गेला तर ती शेऱ्यांची वही घेऊन जाईल का ठेवून जाईल, हेही मला माहीत नाही. पुढच्या कमिटी मीटिंगला मी विषय दिला आहे: त्याला सोसायटीने थेट नोकरीवर घ्यायचं, साप्ताहिक सुट्टीसह, आणि गणपतीत बदली माणूस. खजिनदारकाकांनी विरोध आधीच कळवला आहे. काकूंचं मत अजून विचारलेलं नाही, त्या शहापूरला गेल्या आहेत, सोमवारी येतील.